सूर ओळखताना आंतरकर्ण नेमकं काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आंतरकर्णातल्या कॉक्लियात प्रत्येक वारंवारतेची जागा ठरलेली असते असं वाचलं, मग सूर म्हणजे ती जागाच का? तसं असेल तर फोनवर पुरुषाचा खर्जातला आवाज खर्जातलाच कसा ऐकू येतो? तेवढ्या खालच्या वारंवारता फोन पुढे पाठवतच नाही. आणि तिसरं, वडिलांना श्रवणयंत्रानं बोलणं चांगलं कळतं, पण गाणं बेसूर वाटतं, ते का?

आधी थेट उत्तर देतो. जागेचा नकाशा खरा आहे, पण सूर म्हणजे ती जागा नव्हे. आंतरकर्ण आवाजातले घटक एकमेकांपासून सोडवतो, आणि प्रत्येक घटकाचं कंपन नेमकं कोणत्या क्षणी झालं हेही चेतातंतूंना कळवतो. या दोन्ही पुराव्यांवरून सूर ठरवतो तो मेंदू. तुमच्या वडिलांची अडचण बहुधा घटक सोडवण्यात आहे, आणि श्रवणयंत्राला नेमकं तेच जमत नाही.

कॉक्लिया ही सुमारे अडीच वेढ्यांची, द्रवानं भरलेली हाडाची नळी. तिच्या लांबीभर आधारपटल पसरलेलं असतं. ते उलगडून सरळ केलं तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल. मध्यकर्णातलं शेवटचं हाड, रिकीब, जिथे टेकतं त्या बुडाच्या टोकाला हे पटल अरुंद आणि ताठ असतं; शेंड्याकडे जाताना ते रुंद आणि सैल होत जातं. हाडाची नळी शेंड्याकडे निमुळती होते आणि तिच्यातलं पटल मात्र रुंदावतं, त्यामुळे चित्र पाहून पुष्कळ विद्यार्थी उलटं समजून बसतात. रिकीब आत ढकलली गेली की द्रव हलतो आणि पटलावरून बुडाकडून शेंड्याकडे लाट निघते. पुढे जाताना ती मंदावते, तिची उंची वाढते, एका ठिकाणी ती सर्वांत उंच होते आणि त्यानंतर झपाट्यानं विरते. १०,००० हर्ट्झची लाट निघाल्याबरोबर संपते. १०० हर्ट्झची जवळजवळ शेंड्यापर्यंत जाते.

या लाटेचा आकार दोन्ही बाजूंना सारखा नसतो, हे ध्यानात ठेवा. बुडाच्या बाजूला ती हळूहळू चढते, शेंड्याच्या बाजूला एकदम कोसळते. म्हणजे खालच्या स्वराची लाट वाटेत वरच्या स्वरांच्या सगळ्या जागा हलवून जाते. वरच्या स्वराची लाट खालच्यांच्या जागेपर्यंत पोचतच नाही. म्हणून जाड, घुमणारा आवाज बारीक आवाजाला सहज झाकून टाकतो, उलट मात्र तितकं होत नाही. आल्फ्रेड मेयरनं ही विषमता १८७६ मध्येच नोंदवली होती. तिचं कारण कळायला पुढे कित्येक दशकं लागली.

हा नकाशा किती बारीक आहे? १००० हर्ट्झची जागा शेंड्यापासून सुमारे १४ मिलिमीटरवर येते, आणि तिथे एक मिलिमीटर सरकलं की वारंवारता साधारण १५० ते १६० हर्ट्झनं बदलते. कान तयार असलेल्या माणसाला १००० आणि १००२ किंवा १००३ हर्ट्झमधला फरक कळतो. हा फरक पटलावर मोजला तर मिलिमीटरचा सुमारे साठावा भाग होतो. ध्वनीची खबर मेंदूला देणाऱ्या आतल्या केशपेशी एका कानात साधारण ३५०० असतात, म्हणजे दोन शेजारी पेशींमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकंच अंतर. थोडक्यात, आपण ओळखतो तो फरक दीड-दोन पेशींएवढा आहे. लाट मात्र एवढी टोकदार नसते. तिचा माथा शेकडो पेशींवर पसरलेला असतो. नुसती जागा पाहून एवढा सूक्ष्म निवाडा करणं अगदी अशक्य नाही, पण ते सगळं ओझं जागेवर टाकणं मला कधी पटलेलं नाही.

लाट पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती गेओर्ग फॉन बेकेशीनं. तो बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणारा भौतिकीचा माणूस होता. मृत माणसांच्या कॉक्लियात चांदीचे कण टाकून, लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली त्यानं पटलाची हालचाल पाहिली. या कामासाठी त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. पण त्याला दिसलेली लाट फारच पसरट होती. तेवढ्या ढोबळ लाटेतून एवढा तल्लख कान कसा घडतो हे कोडंच राहिलं. थॉमस गोल्डनं १९४८ मध्ये सुचवलं होतं की कान स्वतः ऊर्जा ओतून कंपन वाढवत असला पाहिजे. त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९७१ मध्ये विल्यम ऱ्होडनं जिवंत माकडांच्या कानात मोजमाप केलं, तेव्हा आवाज लहान असताना पटल त्या मानानं कितीतरी जास्त हलतं असं आढळलं. १९७८ मध्ये डेव्हिड केम्पला चक्क कानातून बाहेर येणारा आवाज मायक्रोफोनवर सापडला. बेकेशीच्या मृत कानांत ही यंत्रणा बंद पडलेली होती.

ही यंत्रणा म्हणजे बाहेरच्या केशपेशी, एका कानात सुमारे १२,०००. विद्युतदाब बदलला की या पेशी आखडतात आणि लांबतात. हे विल्यम ब्राउनेलनं १९८५ मध्ये दाखवलं. त्यामागचं प्रथिन, प्रेस्टिन, २००० मध्ये सापडलं. झोका पुढे जाऊ लागताच अचूक क्षणी हात लावावा, तशा या पेशी पटलाच्या प्रत्येक हेलकाव्याला जोर देतात. हळू आवाजात यामुळे मिळणारी वाढ ४० ते ५० डेसिबल असते आणि लाटेचा माथा अणकुचीदार होतो. हा जोर ठरावीक जागीच मिळतो, म्हणून या पेशी कानाची संवेदनाही वाढवतात आणि त्याची निवडकताही. वडिलांच्या प्रश्नाकडे वळताना हा मुद्दा पुन्हा लागेल.

आता जागेच्या सिद्धान्ताची खरी अडचण. आवाज मोठा केला की त्याच शुद्ध स्वराच्या लाटेचा माथा बुडाकडे सरकतो, कधी कधी अर्ध्या सप्तकाएवढ्या अंतरानं. मोठ्या गोंगाटानं कान बधिरतो तेव्हा सर्वांत जास्त नुकसान त्या आवाजाच्या वारंवारतेवर होत नाही, सुमारे अर्धं सप्तक वर होतं. त्याचं एक मोठं कारण हेच सरकणं. सूर म्हणजे माथ्याची जागा असती, तर रेडिओचा आवाज वाढवताच गाणं अर्ध्या सप्तकानं चढलं असतं. तसं होत नाही. शुद्ध स्वरात आवाजाच्या पातळीनं सूर किंचित हलतो हे खरं, पण गाण्याच्या किंवा वाद्याच्या भरीव स्वरात ते जाणवतही नाही.

म्हणून दुसरा पुरावा लागतो, वेळेचा. केशपेशीच्या डोक्यावरचे केस एका दिशेला वाकले की विद्युतमार्ग उघडतात, उलट दिशेला वाकले की मिटतात. त्यामुळे चेतातंतू मन मानेल तेव्हा पेटत नाही. कंपनाच्या ठरावीक टप्प्यावरच पेटतो. २०० हर्ट्झचा स्वर असेल तर ठिणग्या ५ मिलिसेकंदांच्या, किंवा त्याच्या पटीतल्या अंतरानं पडतात. एकटा तंतू सेकंदाला काही शेकडा वेळांपलीकडे पेटू शकत नाही, पण बरेच तंतू आळीपाळीनं पेटले की मिळून सगळी लय पोचते. अर्नेस्ट वीव्हर आणि चार्ल्स ब्रे यांनी १९३० च्या दशकात मांडलेली ही कल्पना मूळ रूपात आजही टिकून आहे. तिला मर्यादा आहे. केशपेशीचं आवरण फार वेगवान विद्युतबदल पुसून टाकतं, म्हणून प्राण्यांच्या चेतातंतूंत ही शिस्त ४ ते ५ हजार हर्ट्झच्या पुढे जवळजवळ संपते. माणसात ती नेमकी कुठे संपते यावर संशोधक अजून भांडतात. पियानोची सर्वांत वरची पट्टी ४१८६ हर्ट्झची आहे. त्याच्या बऱ्याच वर शुद्ध स्वर ऐकू येतो, पण त्याची चाल ओळखणं अवघड होतं. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

आता फोन. जुन्या टेलिफोनची वाट साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपुरती होती. पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता १२० हर्ट्झ धरू. ती फोनवर येत नाही, तिची दुप्पट २४० सुद्धा येत नाही. पण माणसाचा आवाज म्हणजे एकच वारंवारता नसते. स्वरयंत्रातून १२० च्या सगळ्या पटी एकाच वेळी निघतात: ३६०, ४८०, ६००, ७२०, ८४० आणि पुढे. यांना उपस्वर म्हणू. हे सगळे फोनमधून सुखरूप पार होतात. प्रश्न इतकाच की कान त्यांना वेगवेगळं ओळखू शकतो का.

इथे कानाच्या गाळणीची रुंदी, म्हणजे पटलाच्या एका जागी एकत्र पडणाऱ्या वारंवारतांचा पट्टा, महत्त्वाची ठरते. निरोगी कानात ८०० हर्ट्झच्या आसपास ही गाळणी सुमारे ११० हर्ट्झ रुंद असते, १००० ला सुमारे १३०, आणि २००० ला २४० च्या घरात. उपस्वरांमधलं अंतर मात्र सगळीकडे १२० च राहतं. म्हणजे सातव्या-आठव्या उपस्वरापर्यंत प्रत्येकाला पटलावर स्वतःची जागा मिळते, आणि त्यापुढे शेजारचे उपस्वर एकाच गाळणीत पडून एकमेकांत मिसळतात. फोनवरून आलेले ३६० ते ८४० हे पाचही सुटे राहतात. मेंदूकडे पाच वेगवेगळ्या नोंदी येतात आणि त्या सगळ्या ज्या एकाच संख्येच्या पटी आहेत ती संख्या तो शोधतो: १२०. ही मूळ वारंवारता पटलावर तिच्या जागी कुठेच हललेली नसते, तरी सूर तिचाच ऐकू येतो.

यावरून १८४० च्या दशकात मोठा वाद झाला होता. ऑगस्ट झेबेकनं भोकं पाडलेल्या चकतीच्या भोंग्यावर प्रयोग करून दाखवलं की मूळ घटक फारच क्षीण असला तरी त्याचा सूर ठळक ऐकू येतो. विद्युतरोधाच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला गेओर्ग ओम म्हणाला की हा श्रवणाचा भास आहे. ज्या वारंवारतेचा घटक आवाजात आहे तिचाच सूर ऐकू येणार. १८६३ मध्ये हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झनं ओमची बाजू घेतली आणि त्याच्या वजनापुढे झेबेकचं म्हणणं दबून गेलं. हेल्महोल्ट्झच्या बाजूनं एक पळवाट शिल्लक होती: कान स्वतः विकृती निर्माण करतो, १००० आणि १२०० हर्ट्झ एकत्र दिले तर २०० हर्ट्झचं कंपन कानातच तयार होत असेल. विकृती खरोखर होते. बाहेरच्या केशपेशींमुळे ८०० हर्ट्झचाही एक जादा स्वर निपजतो आणि तो कानातून मोजता येतो. नवजात बाळांच्या श्रवणतपासणीत याच गुणधर्माचा वापर होतो. पण गायब सुराचं कारण ते नव्हे. १९५४ मध्ये जोसेफ लिकलायडरनं खालच्या वारंवारतांवर भरपूर खरखर टाकून तिथली जागा पूर्ण झाकली, तरीही गायब सूर ऐकू येतच राहिला. पुढे १९७२ मध्ये हाउट्स्मा आणि गोल्डस्टाइन यांनी एक उपस्वर डाव्या कानात आणि दुसरा उजव्या कानात दिला. दोन्ही कॉक्लियांत एकेकच स्वर, विकृतीला वावच नाही. सूर तरीही मूळ वारंवारतेचा आला. मला हा प्रयोग सगळ्यांत निर्णायक वाटतो, कारण सूर जुळतो ती जागा दोन्ही कानांच्या पलीकडे आहे हे त्यानं निर्विवाद केलं.

म्हणजे सगळं वेळेवरच चालतं, जागा बिनकामाची, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तोही चुकीचा. २००४ मध्ये अँड्र्यू ऑक्सनहॅम आणि सहकाऱ्यांनी खालच्या वारंवारतांची लय हुबेहूब घेऊन ती पटलावरच्या वरच्या वारंवारतांच्या जागी पोचवली. ठिणग्यांचं वेळापत्रक बरोबर, जागा चुकीची. ऐकणाऱ्यांना साध्या स्वरातला फरक कळायला जड गेलं, आणि अनेक उपस्वर जोडून मूळ सूर काढणं तर जमलंच नाही. २०११ मध्ये त्याच गटानं उलटा धक्का दिला: ६००० हर्ट्झच्या वरचे सुटे उपस्वर एकत्र दिले तर लोकांना त्यातून चालही ओळखता येते, आणि तिथे वेळेची शिस्त उरलेलीच नसते असं आपण मानतो. तेव्हा एकाच पुराव्याचा झेंडा घेऊन उभं राहू नये. लाट दोन्ही पुरावे एकदमच तयार करते: घटक सुटे करते म्हणूनच प्रत्येक घटकाची लय निर्भेळ राहते.

कॉक्लियर इम्प्लांट लावलेल्या माणसांत हे रोजच्या रोज दिसतं. तिथे लाटच नसते. केशपेशींना बगल देऊन १२ ते २२ इलेक्ट्रोड थेट चेतातंतूंना विद्युतस्पंद देतात. वीज द्रवात पसरते, त्यामुळे खरोखर वेगळे कामी येणारे मार्ग इलेक्ट्रोडांच्या संख्येपेक्षा कमीच. तार बहुधा शेंड्यापर्यंत पोचत नाही, म्हणून खालच्या वारंवारता वरच्या जागी जाऊन बसतात. स्पंदांचा वेग वाढवला तर सूर चढतो, पण सेकंदाला साधारण ३०० स्पंदांच्या पुढे बहुतेकांना फरक जाणवणं थांबतं. तरीही बोलणं उत्तम कळतं, कारण बोलण्याला तेवढा बारीक हिशेब लागत नाही. १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अवघ्या चार पट्ट्यांत कोंबलेलं बोलणंसुद्धा शांत जागी समजतं. चाल ओळखायला मात्र हे पुरत नाही. इम्प्लांट नवा असताना आवाज चिरका, यंत्रासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी तो निवळतो, असं अनेक जण सांगतात. इलेक्ट्रोड जागचा हललेला नसतो. मेंदूनं त्या जागेचा अर्थ बदललेला असतो.

आता तुमच्या वडिलांकडे. वयामुळे किंवा गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणात बाहेरच्या केशपेशींना मोठी झळ बसते. त्या गेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, आणि ते ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणतपासणीच्या आलेखावर, दिसतं. पण त्यांच्याबरोबर लाटेची धारही जाते आणि गाळणी दुप्पट ते चौपट रुंद होते. हे साध्या ऑडिओग्रामवर दिसत नाही. वरच्या उदाहरणातल्या ४८० हर्ट्झजवळ निरोगी कानाची गाळणी सुमारे ७७ हर्ट्झची असते. ती तिप्पट झाली तर २३० ची झाली, आणि शेजारचे उपस्वर एकमेकांत मिसळले. पूर्वी सुटे येणारे पाच पुरावे आता एका खरबरीत गोळ्यात येतात. त्या गोळ्याच्या चढउतारावरून सूर काढता येतो, पण ढोबळ. दोन वाद्यं आणि गळा एकत्र आले की तेही जमत नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. पटलावर मिसळलेलं ते वेगळं करून देऊ शकत नाही.

एक गोष्ट तपासून घ्या. दोन्ही कानांत बिघाड सारखा नसेल तर एकच स्वर दोन कानांत दोन वेगळ्या सुरांत ऐकू येऊ शकतो. निरोगी कानांतही अगदी थोडा फरक असतो, पण तो जाणवत नाही. मेनिएरच्या विकारात (आंतरकर्णाचा, चक्कर आणणारा आजार) हा फरक बराच मोठा होऊ शकतो. घरी पाहायचं तर एकच लांब स्वर हेडफोनवर आधी डाव्या, मग उजव्या कानात लावा आणि सूर सारखा वाटतो का ते वडिलांना विचारा. फरक अचानक आला असेल, किंवा बरोबर चक्कर आणि कानात दडा असेल, तर थांबू नका, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मिरगीसाठी दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिननं काहींना सगळे सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं उतरल्यासारखे वाटतात आणि औषध थांबल्यावर ते पूर्ववत होतं, हेही माहीत असावं. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करायचं नाही.

बाकी काही दोष यंत्राचाही असू शकतो, आणि तो दुरुस्त होतो. श्रवणयंत्र बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. यंत्रातून स्वतःहून निघणारी शिट्टी दाबणारी सोय बासरीसारख्या लांब, स्थिर स्वराला शिट्टीच समजते आणि तो थरथरवते. वरच्या वारंवारता खाली सरकवणारी सोय चालू असेल तर उपस्वर मूळ सुराच्या पटीत राहत नाहीत. आवाज भराभर वरखाली करणारी दाबणी गाण्यातले चढउतार सपाट करते. खोलीतली खरखर काढणारी सोय वाद्यांचा नादही खरखर समजून कापते. आणि जवळून ऐकलेलं गाणं बोलण्यापेक्षा इतकं मोठं असतं की काही यंत्रांत तो मायक्रोफोनच्या टप्प्यावरच फाटतो. पुढे कितीही सुधारा, तो फाटलेला आवाज जुळत नाही. तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडून गाण्यासाठी वेगळा कार्यक्रम बनवून घ्या: शिट्टी दाबणं कमीत कमी, वारंवारता सरकवणं बंद, खरखर काढणं बंद, दाबणी सौम्य. सुरुवातीला एकच गळा आणि एकच वाद्य असलेली, ओळखीची गाणी लावा. जिथे उपस्वरांची गर्दी कमी, तिथे रुंद झालेल्या गाळणीलाही काम जमतं.